वजनात न सापडणारे कण: औष्णिक वीज केंद्राची चिमणी आणि आपले आरोग्य

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरापासून सुमारे दहा किलोमीटरवर कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र आहे. चिमणीतून धूर असा दिसत नाही, केंद्राच्या म्हणण्यानुसार ९९.९ टक्के राख चिमणीपूर्वीच अडवली जाते आणि घरातला छोटा मीटर पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या बारीक धुलिकणांची, पातळी बहुतेक दिवस ठीक दाखवतो. घरात दम्याचा त्रास असलेले एक मूल आहे आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आजोबा आहेत. अशा स्थितीत अतिसूक्ष्म कणांविषयी जे ऐकू येते, ते कितपत गांभीर्याने घ्यावे?

चिमण्यांमधले आणि मोकळ्या हवेतले कण मोजण्याच्या कामात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून उत्तर आधीच सांगतो: केंद्राचे विधान खरे असू शकते, आपला मीटरही बिघडलेला नसेल, आणि तरीही आपली शंका पूर्णपणे रास्त आहे. कारण ९९.९ हा आकडा वजनाचा आहे, आणि आपला मीटर ज्या कणांना पाहू शकतो त्यांत हे कण येतच नाहीत.

ज्यांचा व्यास १०० नॅनोमीटरपेक्षा, म्हणजे ०.१ मायक्रॉनपेक्षा कमी आहे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यांना अतिसूक्ष्म कण म्हणतात. पीएम २.५ या नावात २.५ मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण येतात, म्हणून अतिसूक्ष्म कणही कागदोपत्री त्यातच मोजले जातात. पण वजनाच्या हिशेबात ते जवळजवळ शून्य ठरतात. अडीच मायक्रॉनच्या एका कणाचे जेवढे वजन भरते, तेवढ्या वजनात तशाच घनतेचे ०.१ मायक्रॉनचे १५,६२५ कण बसतात आणि ५० नॅनोमीटरचे तब्बल सव्वा लाख. वजन तेच राहते, पण पृष्ठभाग पहिल्या उदाहरणात २५ पट आणि दुसऱ्यात ५० पट होतो. शरीराच्या पेशींचा संबंध कणाच्या वजनाशी येत नाही, पृष्ठभागाशी येतो. या विषयातल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ या साध्या भूमितीत आहे.

आता ९९.९ टक्क्यांकडे पाहू. समजा, वीजनिर्मितीच्या एका संचातून तासाला १०० टन राख धूरवायूबरोबर निघाली आणि तिच्यातली ९९.९ टक्के अडली, तरी तासाला १०० किलो राख बाहेर पडते. ही उरलेली राख मूळ राखेचा सरसकट नमुना नसते. जाड कण सहज पकडले जात असल्यामुळे तिच्यात बारीक कणांचे प्रमाण कितीतरी जास्त असते. राखेची घनता लक्षात घेतली, तर ०.१ मायक्रॉनच्या कणांचा एक ग्रॅम म्हणजे सुमारे ८०० लाख कोटी कण होतात. यावरून वजनाची टक्केवारी किती दिलासा देऊ शकते, हे आपल्या लक्षात येईल.

हे कण मुळात कसे तयार होतात, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्यांचे उपद्रवमूल्य त्यांच्या जन्मातच दडलेले आहे. कोळशात मिसळलेली माती आणि खनिजे भट्टीतल्या आगीत वितळतात आणि त्यांचे काही मायक्रॉनचे गोल मणी बनतात. आपण जिला फ्लाय अ‍ॅश म्हणून ओळखतो, ती ही राख. पण खनिजांचा एक लहानसा भाग वितळून थांबत नाही, त्याची वाफ होते. जळत्या कोळशाच्या कणाभोवती प्राणवायू कमी असतो, तेथे सिलिकासारखा सहसा वाफ न होणारा पदार्थही सिलिकॉन मोनॉक्साइडच्या रूपात वायू बनतो, आणि ती वाफ जरा बाहेर येऊन प्राणवायूला भेटली की पुन्हा घन होऊन काही नॅनोमीटरचे बीजकण तयार होतात. हे बीजकण एकमेकांना चिकटून ०.१ मायक्रॉनच्या आसपास स्थिरावतात. म्हणूनच चिमणीतल्या राखेचा आकारानुसार आलेख काढला, तर त्यात दोन वेगळे उंचवटे दिसतात, एक जाड राखेचा आणि दुसरा या वाफेतून जन्मलेल्या कणांचा.

पुढची पायरी अधिक काळजीची आहे. आर्सेनिक, सेलेनियम, शिसे, कॅडमियम, अँटिमनी ही मूलद्रव्ये भट्टीत वायुरूप असतात आणि बॉयलरमधून पुढे जाताना धूरवायू थंड झाला की उपलब्ध पृष्ठभागावर जाऊन बसतात. सर्वाधिक पृष्ठभाग बारीक कणांकडे असतो, त्यामुळे कण जितका लहान तितकी त्याच्यावर या धातूंची मात्रा जास्त, हे १९७४ मध्येच राखेच्या रासायनिक विश्लेषणातून दाखवून दिले गेले होते. म्हणजे जो कण यंत्रणेच्या हातून निसटतो आणि फुप्फुसात सर्वांत खोल जातो, त्याच्याच पाठीवर विषारी धातूंचा थर असतो, आणि तोही आत दडलेला नसून बाहेरच्या बाजूला, सहज विरघळेल असा.

कोळशाची ओळख पटवणारी एक खूण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कोळशात अल्प प्रमाणात असलेले टायटॅनियम डायऑक्साइड भट्टीत कार्बनच्या सान्निध्यात तापले की त्यातला थोडा प्राणवायू निघून जातो आणि निसर्गात क्वचितच आढळणारे मॅग्नेली प्रावस्थेचे, म्हणजे प्राणवायू कमी झालेल्या टायटॅनियम ऑक्साइडचे, नॅनोकण बनतात. अमेरिकेत २०१४ मध्ये डॅन नदीत सांडलेल्या कोळशाच्या राखेचा अभ्यास करताना ते प्रथम लक्षात आले आणि मग निरनिराळ्या ठिकाणच्या कोळशाच्या राखेतही सापडले. हवेतला कण वाहनातून आला की कोळशातून, हा वाद या क्षेत्रात नेहमी होतो. त्यात अशा खुणेचे मोल फार मोठे आहे.

राख अडवणाऱ्या यंत्रणेबद्दल मला आदर आहे, हे आधी नोंदवतो. इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजे कणांवर विद्युतभार चढवून त्यांना धातूच्या पट्ट्यांकडे ओढून घेणारे यंत्र, ज्याला सगळे ईएसपी म्हणतात, नसता तर केंद्राच्या परिसरात माणसाला राहणे अशक्य झाले असते. पण त्याची एक भौतिक मर्यादा आहे. मोठ्या कणांवर विद्युत क्षेत्रामुळे भरपूर भार चढतो. अगदी लहान कण कमी भारानेही चपळपणे पट्टीकडे सरकतात. मधले, म्हणजे साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचे कण मात्र दोन्ही लाभांना मुकतात आणि त्यांचे निसटण्याचे प्रमाण सर्वाधिक असते. त्यातही काही नॅनोमीटरच्या कणांपैकी काहींवर भारच चढत नाही, ते तसेच पुढे जातात. धूरवायू कापडी पिशव्यांतून गाळणारा बॅग फिल्टर बारीक कणांसाठी सामान्यतः अधिक चांगला. शिवाय ईएसपीचा कागदावरचा आकडा आणि रोजचा व्यवहार यांत अंतर असते. पट्ट्यांवरची राख हातोड्याने झाडताना थोडी राख पुन्हा प्रवाहात उडते, ईएसपीचे एखादे क्षेत्र, म्हणजे त्याचा एखादा कप्पा, बंद पडते, संच सुरू करताना तेल जाळले जाते तेव्हा ईएसपी बऱ्याचदा चालूच केलेला नसतो. रात्री संच चढवताना मी घेतलेली मापे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वीजनिर्मिती स्थिर असताना घेतलेली मापे एकाच चिमणीची आहेत, असे कोणाला सांगूनही पटले नसते.

मात्र राख हा गोष्टीचा अर्धाच भाग झाला, आणि माझ्या मते लहान अर्धा. मोठा भाग चिमणीतून वायू म्हणून बाहेर पडतो आणि हवेत कण बनतो. कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. सूर्यप्रकाशात तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे हवेतले अतिशय क्रियाशील रेणू, त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात. ही वाफ जवळजवळ लगेच रेणूंचे पुंजके बांधते, अमोनिया किंवा त्याच्यासारखी अमाइन नावाची संयुगे मिळाली तर ते पुंजके टिकतात आणि एक-दोन नॅनोमीटरपासून सुरू होऊन काही तासांत ५० ते १०० नॅनोमीटरपर्यंत वाढतात. ही क्रिया चिमणीच्या तोंडाशी जोरात चालत नाही, कारण ताज्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड हायड्रॉक्सिल मूलक खाऊन टाकतात. धूर पसरून विरळ झाला की तिला वेग येतो, म्हणजे बऱ्याचदा केंद्रापासून काही किलोमीटर पुढे गेल्यावर. त्यामुळे चिमणीतला मापक जे कधीच पाहू शकत नाही, ते कण खालच्या वाऱ्यात, म्हणजे केंद्राकडून वारा ज्या दिशेला वाहतो तेथे, राहणाऱ्यांच्या डोक्यावर तयार होतात. धूर दिसत नाही याचा अर्थही येथेच लागतो. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान असलेले कण प्रकाश फारसा विखुरत नाहीत. व्यास निम्मा झाला की विखुरलेला प्रकाश सुमारे ६४ पटींनी घटतो. घरगुती मीटरही लेसरचा विखुरलेला प्रकाशच मोजतो, म्हणून साधारण ०.३ मायक्रॉनच्या खाली तो आंधळा असतो. हे कण मोजायचे तर त्यांच्यावर ब्युटॅनॉलची वा पाण्याची वाफ साचवून त्यांना आधी मोठे करावे लागते आणि मग एकेक थेंब मोजावा लागतो. हे काम करणारे यंत्र, म्हणजे कणगणक, महाग असते आणि बहुतेक देशांतल्या नेहमीच्या निरीक्षण केंद्रांत ते बसवलेले नसते.

दहा किलोमीटर जवळ की लांब, हा प्रश्नही यातूनच सुटतो. उंच चिमणी धूर नाहीसा करत नाही, फक्त दूर नेऊन टाकते. कझाकस्तानातल्या एकिबास्तुझ येथील चिमणी सुमारे ४२० मीटर उंच आहे, ती याच तत्त्वावर. रात्री जमिनीलगतची हवा थंड व स्थिर असते आणि धुराचा पट्टा तिच्या वरून, खाली न मिसळता, फार लांबवर वाहत जातो. जर्मनीतल्या कार्ल्सरुहे येथील संशोधकांनी लहान विमानांतून मापे घेऊन असे पट्टे शेकडो किलोमीटरपर्यंत माग काढत दाखवले आहेत. सकाळी जमीन तापली की हवा वर-खाली घुसळू लागते आणि वर तरंगणारा पट्टा अचानक जमिनीवर उतरतो. एका केंद्राच्या खालच्या वाऱ्यात मी प्रथम कणगणक लावला, तेव्हा सकाळी नऊनंतर तासाभरात आकडा कित्येक पटींनी चढला. शेजारीच ठेवलेल्या, कण साचवून वजन करण्याच्या फिल्टरवर मात्र त्या दिवशी काहीही विशेष दिसले नाही. दोन्ही उपकरणे नीट चालत होती. त्या दिवसापासून केवळ वजनाच्या आकड्यावर मी कोणालाही निश्चिंत राहा असे सांगितलेले नाही.

आता शरीराकडे वळतो. श्वासातला सुमारे ०.३ मायक्रॉनचा कण बऱ्याच वेळा आत जाऊन तसाच बाहेर येतो. २० नॅनोमीटरचा कण मात्र हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी सतत थरथरत असतो आणि फुप्फुसाच्या शेवटच्या टोकाशी, वायुकोशांत, भिंतीला जाऊन चिकटतो. अशा कणांपैकी जवळपास निम्मे तेथे अडकतात. जोराचा श्वास घेताना, व्यायामात, हे प्रमाण आणखी वाढते आणि दमा असलेल्यांतही ते जास्त आढळते. हवेत दर घनसेंटिमीटरला १०,००० कण असतील, तर दिवसभराच्या सुमारे १० घनमीटर श्वासाबरोबर १०,००० कोटी कण आत जातात.

वायुकोशांत सफाई करणाऱ्या भक्षकपेशी असतात. मोठा कण त्या ओळखतात आणि गिळतात. अतिसूक्ष्म कण त्यांच्या नजरेतून बऱ्याच अंशी सुटतात. सुटलेले कण पेशींच्या आवरणाशी थेट भिडतात, त्यांच्यावरचे लोह, तांबे यांसारखे धातू क्रियाशील प्राणवायू निर्माण करतात आणि दाह सुरू होतो. १९९० च्या दशकात उंदरांवर टायटॅनियम डायऑक्साइडचे २० आणि २५० नॅनोमीटरचे कण वापरून प्रयोग झाले. रसायन एकच, वजन एकच, तरीही लहान कणांनी कितीतरी जास्त दाह निर्माण केला आणि परिणामाचा मेळ वजनाशी न बसता पृष्ठभागाशी बसला. १९९५ मध्ये ब्रिटनमधील अँथनी सीटन आणि सहकाऱ्यांनी यावरून पुढचा तर्क मांडला: वायुकोशांतला हा मंद दाह रक्त अधिक गोठणारे बनवतो, आणि म्हणून प्रदूषणाने माणसे केवळ श्वासाच्या विकारानेच नव्हे, तर हृदयविकारानेही दगावतात. त्या वेळी अनेकांना ही कल्पना धाडसी वाटली होती. आज हवेच्या प्रदूषणाने होणाऱ्या मृत्यूंत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा सर्वांत मोठ्या कारणांत मोडतो.

कण स्वतः रक्तात उतरतात का, यावर बराच काळ वाद चालला. २०१७ मध्ये एडिंबरा येथे निरोगी स्वयंसेवकांना निरुपद्रवी सोन्याचे नॅनोकण श्वासातून देण्यात आले. काहींच्या रक्तात ते पंधरा मिनिटांतच दिसले आणि तीन महिन्यांनंतरही सापडले. पक्षाघाताचा धोका असलेल्या रुग्णांत ते मानेतल्या रोगट धमनीच्या थरांत जमलेले आढळले. आजोबांच्या संदर्भात मला हाच प्रयोग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या ठिकाणी रक्तवाहिनी आधीच आजारी आहे, तेथेच कण गोळा होतात असे त्यात दिसले. नाकातल्या गंधचेतातंतूंमार्गे असे कण मेंदूपर्यंत पोहोचतात, हेही उंदरांत दाखवले गेले आहे.

वीज केंद्राजवळ राहणाऱ्या माणसांवर प्रत्यक्ष काय होते, याचा पुरावा दोन वेगवेगळ्या दर्जांचा आहे आणि त्यांची सरमिसळ करू नये. कोळशापासून आलेल्या पीएम २.५ चा पुरावा भक्कम आहे. २०१६ मध्ये जॉर्ज थर्स्टन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या समूहावर केलेल्या अभ्यासात, समान वजनाच्या सर्वसाधारण पीएम २.५ शी तुलना करता कोळशाच्या कणांमुळे हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे पाचपट आढळला. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने १९९९ ते २०२० या काळात अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरील ४,६०,००० मृत्यूंचा संबंध कोळशाच्या वीज केंद्रांच्या पीएम २.५ शी जोडला, आणि तेथेही धोका इतर स्रोतांच्या कणांच्या दुप्पट निघाला. वजन सारखे असूनही कोळशाचा कण अधिक घातक ठरतो, तेव्हा कणाचा आकार, आम्लता आणि त्यावरचे धातू यांच्याकडे बोट जाणे स्वाभाविक आहे. केवळ अतिसूक्ष्म कणांच्या संख्येवर बेतलेले अभ्यास संख्येने कमी आहेत आणि त्यांतले बहुतेक शहरी वाहतुकीचे आहेत. त्यांतला जर्मनीतल्या एर्फुर्ट शहराचा १९९७ चा अभ्यास मला नेहमी आठवतो: दमा असलेल्या २७ प्रौढांच्या श्वासाचा जोर रोज मोजला गेला, आणि त्याच्यातली घट कणांच्या वजनापेक्षा अतिसूक्ष्म कणांच्या संख्येशी जास्त जुळली.

याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पीएम २.५ साठी वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी मर्यादा दिली, परंतु अतिसूक्ष्म कणांसाठी मर्यादा न देता ओळखण्यापुरते आकडे दिले: चोवीस तासांची सरासरी दर घनसेंटिमीटरला १,००० कणांपेक्षा कमी असेल तर पातळी कमी, १०,००० पेक्षा जास्त असेल किंवा तासाची सरासरी २०,००० च्या वर गेली तर पातळी जास्त. मर्यादा नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काही जण सोयीने काढतात. तो चुकीचा आहे. युरोपीय संघाने २०२४ च्या सुधारित निर्देशात निवडक केंद्रांवर या कणांचे मापन बंधनकारक केले आहे.

एका युक्तिवादाविषयी मला कळकळीने बोलायचे आहे. काही जण म्हणतात की गंधक काढणारे ओले स्क्रबर आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारे उत्प्रेरक बसवल्याने अतिसूक्ष्म कण उलट वाढतात, तेव्हा ती यंत्रणा न बसवलेलीच बरी. यातला पहिला अर्धा निराधार नाही. उत्प्रेरकावर सुमारे एक टक्का सल्फर डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड होते, ओल्या स्क्रबरमध्ये वायू झपाट्याने थंड झाला की त्याचे आम्लाचे बारीक तुषार बनतात आणि ते स्क्रबरच्या हाती लागत नाहीत. उत्प्रेरकासाठी धूरवायूत सोडलेल्या अमोनियापैकी वापरात न आलेला थोडा अमोनियाही बाहेर पडतो. त्यावर उपाय आहे, शेवटी ओला ईएसपी बसवणे आणि अमोनियाची मात्रा काटेकोर ठेवणे. पण दुसरा अर्धा घातक आहे. वर सांगितलेल्या २०२३ च्या अभ्यासातच दिसते की स्क्रबर बसत गेले आणि केंद्रे बंद होत गेली, तसे सुरुवातीच्या वर्षांत वर्षाला सरासरी ४३,००० हून अधिक असलेले मृत्यू २०२० पर्यंत सुमारे १,६०० वर आले. हवेत नवे कण ज्यातून जन्मतात तो कच्चा माल सल्फर डायऑक्साइडच आहे. अतिसूक्ष्म कणांचे नाव पुढे करून स्क्रबर लांबवणे म्हणजे आजाराचे नाव सांगून औषध नाकारणे होय.

आता आपण काय करावे. केंद्राकडे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे केवळ धुळीचा आकडा मागू नका; सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्या ताशी नोंदी, ईएसपीची किती क्षेत्रे किती तास बंद होती याची नोंद आणि संच सुरू-बंद करण्याच्या वेळा मागा. कोणी कणगणक घेऊन मोजायला तयार असेल, तर एका दिवसाचे माप घेऊ देऊ नका. केंद्राच्या दोन्ही बाजूंना, वारा येतो तिकडे आणि वारा जातो तिकडे, एकाच वेळी, किमान दोन ऋतूंत, काही आठवडे सलग मापन हवे. नाहीतर रस्त्यावरच्या वाहनांचे कण केंद्राच्या खात्यावर जमा होतील किंवा याच्या उलट होईल.

घरात हेपा गाळणी (दाट तंतूंची, बारीक कण अडवणारी गाळणी) असलेला हवा शुद्धीकारक ज्या खोलीत मूल झोपते तेथे लावा. गाळणी ०.३ मायक्रॉनवर तपासतात म्हणून तिच्यातून अतिसूक्ष्म कण निसटतील, ही समजूत उलटी आहे; त्याहून लहान कण थरथरत तंतूंना आपटतात आणि अधिक सहज पकडले जातात. एन ९५ मुखपट्टीलाही हेच लागू आहे, ती चेहऱ्याला नीट बसली तर. कापडी मुखपट्टीचा उपयोग नगण्य समजा. आजोबांचे सकाळचे फिरणे वारा केंद्राकडून येत असेल त्या दिवशी नऊ ते अकराच्या दरम्यान ठेवू नका. पहाटे लवकर किंवा सायंकाळी, रहदारीच्या रस्त्यापासून दूर ठेवा. फिरणे मात्र बंद करू नका, त्यांच्या हृदयाला त्याची गरज आहे, आणि डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची औषधे एकही दिवस चुकवू नका.

मुलासाठी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारे छोटे उपकरण, घ्या. रोज सकाळी आणि रात्री तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा, शेजारी त्या दिवसाची वाऱ्याची दिशा आणि इनहेलर किती वेळा लागला हे नोंदवा. दोन-तीन महिन्यांत केंद्राकडच्या वाऱ्याच्या दिवशी आकडा वारंवार खाली येतो असे दिसले, तर ती वही बालरोगतज्ज्ञांना दाखवा, म्हणजे प्रतिबंधक इनहेलरची मात्रा त्या दिवसांसाठी आधीच ठरवता येईल. तिची एक प्रत नियंत्रण मंडळाकडे मापनाची मागणी करताना अर्जाला जोडा.